आजीच्या आजीचं नाव

कांताताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे बहारीनला, मुहर्रकमध्ये बँकेच्या काउंटरवर होते. फोन त्यांच्या मुलीचा, निशाचा. ती टोरांटोहून आठवड्यापूर्वीच येऊन पोचली होती आणि सलमानियाच्या हॉस्पिटलमध्ये आईजवळच होती. ‘‘मावशी, आई गेली’’ एवढंच ती मराठीत म्हणाली आणि पुढचं सगळं इंग्रजीत. समोर एक गिऱ्हाईक पासपोर्ट हातात धरून उभं होतं. मी त्याला शेजारच्या काउंटरकडे पाठवलं आणि पर्स उचलून निघाले... बाहेर नेहमीसारखं पांढरं ऊन होतं, डोक्यावरून एक विमान उतरत होतं, आणि माझ्या मनात वेड्यासारखा एकच विचार, की आता बुसैतीनला आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात मुलांकडून फ्रेंच क्रियापदं कोण पाठ करून घेणार.

या गोष्टीला आता सहा-सात आठवडे झाले. मधल्या काळात इथल्या मराठी मंडळींनी त्यांच्यासाठी सभा घेतली. लोक चांगलं बोलले. भारतीय शाळेत पंचवीसेक वर्षं फ्रेंच शिकवणाऱ्या बाई, गणपतीच्या आरतीला खणखणीत आवाज लावणाऱ्या बाई, मॉरिशसच्या असूनही आपल्यातल्या होऊन गेलेल्या बाई... सगळं खरं. पण सभेआधी दोघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की ‘ते फ्रेंच प्रकरण’ तेवढं काढू नका. नंतर रत्नागिरीहून त्यांच्या दिरांचा, अण्णांचा फोन आला. मी कुठे काही लिहिणार आहे असं त्यांच्या कानावर गेलं होतं. वहिनी देवमाणूस होत्या, ते म्हणाले, तेवढंच लिहा. घरातल्या जुन्या गोष्टी चारचौघांत कशाला. मी त्यांना हो म्हटलं नाही. ज्या गोष्टीसाठी ही बाई शेवटची काही वर्षं सगळ्यांशी भांडली, नेमकी तीच वगळून तिची आठवण काढायची, हे मला जमणार नाही. म्हणून हे लिहिते आहे.

कांताताईंचा जन्म मॉरिशसमधल्या एका खेड्यातला. ऊस तोडायला बोटीतून नेलेल्या कोकणी माणसांची तिथे वस्ती होती, त्यांच्यातल्याच एका घरातल्या त्या. घरात मराठी, गल्लीत क्रेओल ही फ्रेंचमधून झालेली तिथली बोली, शाळेत फ्रेंच आणि इंग्रजी. त्यांचे यजमान सुधाकरराव इंजिनिअर, मूळ रत्नागिरीजवळचे. मॉरिशसच्या बंदराच्या कामावर गेले होते आणि येताना कांताताईंना लग्न करून घेऊन आले. पुढे नोकरीसाठी दोघं बहारीनला आली ती इथलीच झाली. कांताताईंचं मराठी फार मजेशीर होतं. एरवी पुस्तकातल्यासारखं नेटकं बोलायच्या, कारण ते त्यांनी लग्नानंतर मुद्दाम शिकून घेतलं होतं. पण राग आला की आतलं जुनं मराठी वर यायचं, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बोटीत चढलेलं. ‘‘न्हाय म्हंजे न्हाय’’ असं त्या म्हणाल्या की विषय खलास, हे सुधाकररावांनाही ठाऊक होतं.

आणि त्यांचे डोळे घारे होते. कोकणात घाऱ्या डोळ्यांचा अर्थ काय लावतात ते मी चिपळूणची, मला कुणी सांगायला नको. नवी सून घरात आली तेव्हा सासूबाईंनी आळीतल्या बायकांना बोलावून बोलावून ते डोळे दाखवले म्हणे. रंगही उजळ. कोणत्या घराण्यातले लोक बोटीवर गेले असतील याचे तर्क झाले, आणि प्रत्येक तर्क आधीच्यापेक्षा वरच्या पायरीवरचा. कांताताई गप्प बसल्या. एकवीस-बावीस वर्षांची मुलगी, परक्या गावात, ती काय बोलणार. पण त्यांना लहानपणापासून माहीत होतं की हे डोळे कुठल्या भटजीचे नव्हेत. आजीचे डोळे तसेच होते, आणि आजीला कुणी विचारलं की ती तोंडाला पदर लावून फक्त ‘मस्ये’ एवढंच म्हणायची. मस्ये म्हणजे मळ्याचा गोरा मालक. त्यापुढे त्यांच्या घरात कधी कुणी काही बोललं नाही.

सुधाकरराव गेल्यानंतरची गोष्ट. निशाने टोरांटोत हौसेने लाळ देऊन डीएनएची तपासणी करून घेतली आणि आईचीही करवली. मग काही महिन्यांनी फ्रान्समधल्या एका निवृत्त दंतवैद्याने तिच्याशी संपर्क साधला. मार्तिन त्याचं नाव. तुमचं-आमचं रक्त जुळतं आहे, तो म्हणाला, आणि तुम्ही मॉरिशसच्या असाल तर ते एतियेनमुळेच असणार. एतियेनचं आडनाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या नावाची माणसं हयात आहेत. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या गावात, पिंपं बनवणाऱ्याच्या घरात तो जन्मला. बाप लवकर वारला, घरात खाणारी तोंडं पुष्कळ, आणि धाकट्या मुलाच्या वाट्याला काहीच येणार नव्हतं. विशीच्या आतच तो मॉरिशसला गेला. तिथे इंग्रजांचं राज्य आलं होतं, पण ऊस आणि साखर अजून फ्रेंचांच्याच हातात होती. आधी कारखान्यात पिंपांच्या हिशेबावर, मग मळ्याचा मुकादम, मग भागीदार, आणि शेवटी मोठ्या घराच्या व्हरांड्यात आरामखुर्चीत बसणारा मालक. लग्न केलं नाही. मळा पुढे पुतण्याकडे गेला. मार्तिन त्या पुतण्याच्या वंशातला.

त्या दिवसांत कांताताई रोज संध्याकाळी शिकवण्या संपल्या की मला चहाला बोलवायच्या आणि मार्तिनशी काय बोलणं झालं ते सांगायच्या. त्यांना एतियेनबद्दल सगळं हवं होतं. उंची किती, आवाज कसा, तापाने आजारी पडायचा तेव्हा कोण बघायचं. मला आश्चर्य वाटायचं. मी एकदा विचारलंही की ज्याने असं केलं त्याच्याबद्दल इतकं कुतूहल कशाला. त्या म्हणाल्या की तो वाईट होता एवढं म्हणून माझी सुटका होत नाही, उपाशी घरातून निघालेला पोरगा तिथे जाऊन मालक कसा झाला हे मला कळलं पाहिजे. पण मार्तिनशी त्यांचं फार काळ पटलं नाही. त्याने मनात एक गोष्ट रचून ठेवली होती. एतियेनने लग्न केलं नाही, म्हणजे त्याचं त्या भारतीय बाईवर प्रेम असणार, समाजाने त्यांना एकत्र येऊ दिलं नाही, वगैरे. एका शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर तो हे फार भारावून सांगत होता आणि मी शेजारी बसले होते. कांताताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग फ्रेंचमध्ये काहीतरी सावकाश बोलल्या. कॉल संपल्यावर मी विचारलं काय म्हणालात.

‘‘मी म्हटलं, तिला नाही म्हणता येत होतं का, ते आधी शोध. मग प्रेमाचं बोलू.’’

त्यांनी ते स्वतःच शोधायचं ठरवलं. मॉरिशसमधला त्यांचा भाऊ वैतागला. तू तिकडे वाळवंटात बसून इथली चिखलाची डबकी ढवळू नकोस, आम्हाला इथे राहायचं आहे, असं त्याने ऐकवलं. निशाला लहान मूल होतं, तिला येणं शक्य नव्हतं. माझी रजा साठली होती. शाळेच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही दोघी गेलो.

गावात त्यांच्या आईची मावसबहीण होती, सोनामावशी. नव्वदीच्या पुढची, दिसत नव्हतं, पण बोलणं स्वच्छ. ती अंगणात बाकावर बसली होती आणि कांताताई तिच्या पायांशी. मावशीने पहिल्यांदा सांगायला नकार दिला. मेलेल्या माणसांना उठवायचं नसतं, असं तिचं म्हणणं. कांताताई उठल्या नाहीत. शेवटी मावशी एकदम म्हणाली, ‘‘तुज्या आजीच्या आजीचं नाव भागीरथी. घेतलंय कवा कुनी?’’

आणि मग सांगत गेली. भागीरथी मालकाच्या मोठ्या घराच्या मुदपाकखान्यात होती. करारावर आलेली, नवरा बोटीतच वारलेला. पुढे जे झालं त्याबद्दल मावशीने ‘मालकानं ठेवली’ एवढे दोनच शब्द वापरले आणि आम्ही जास्त विचारलं नाही. मुलगी झाली, मैना. मुलगी गोरी, डोळे घारे. एतियेनने ठरवलं की हिचा बाप्तिस्मा करायचा आणि ती मोठ्या घरातच वाढेल. मुलगी म्हणून नव्हे, घरातली म्हणून. म्हणजे टेबलावर बसणारी नव्हे, टेबलाशी उभी राहणारी. भागीरथीला त्याने हे मेहेरबानी केल्यासारखं सांगितलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, जेवणाची घंटा झाल्यावर, मुलीला कडेवर घेऊन ती मोठ्या घराच्या पुढच्या दाराने बाहेर पडली आणि उसामधल्या सरळ रस्त्याने चालू लागली. पळाली नाही, मावशीने दोनदा सांगितलं, चालत गेली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. करार मोडून मळा सोडणं हा तेव्हा गुन्हा होता. तिला पकडलं, कोठडीत टाकलं, मूल अंगावर पिणारं होतं तेही आत. सुटल्यावर परत मळ्यावर जायला सांगितलं तर ती पुन्हा दुसऱ्या दिशेला चालत गेली. शेवटी दूरच्या एका बागेत तिला काम मिळालं. तिथल्या मराठी माळ्याने तिच्याबरोबर संसार थाटला आणि मैनाला आपलं नाव दिलं.

हे सगळं मावशीने खुद्द मैनाच्या तोंडून ऐकलेलं. मैना तिची आजी, म्हणजे कांताताईंची पणजी. आणि मैनाने तिला आणखी एक गोष्ट सांगितली होती. मैनाचं लग्न ठरलं तेव्हा एक म्हातारा गोरा घोड्यावरून बागेच्या फाटकापाशी आला. उतरला. टोपी काढून उभा राहिला. भागीरथी ओट्यावर डाळ निवडत होती. मैनाला आत जायला सांगून ती पुन्हा डाळ निवडत राहिली. त्याने काहीतरी हाक मारली. तिने मान वर केली नाही. बऱ्याच वेळाने तो घोड्यावर चढून निघून गेला. मैनाने दाराच्या फटीतून पाहिलेला बाप तो तेवढाच.

परत येताना गाडीत कांताताई खिडकीबाहेर बघत होत्या. डोळे कोरडे होते. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या की तो फाटकाशी येऊन उभा राहिला होता हे मी विसरणार नाही, पण तिने वर पाहिलं नाही हेही कुणाला विसरू देणार नाही.

ते मोठं घर आता पर्यटकांसाठी आहे. तिकीट काढून आत जायचं, गाइडबरोबर खोल्या बघायच्या, मग मागच्या बागेत जेवण. आमची गाइड रोझलिन नावाची चाळिशीची बाई होती, चांगली बोलायची. व्हरांड्यात एतियेनची तसबीर आहे. घारे डोळे, पांढरी दाढी. कांताताई तिच्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा मी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले, इतकं साम्य. रोझलिन सांगत होती की हा माणूस रिकाम्या हाताने आला आणि त्याने हे सगळं उभं केलं, आणि आपल्या मजुरांना तो अगदी बापासारखा होता. कांताताईंनी वर्गात मुलं करतात तसा हात वर केला. शुद्ध, संथ फ्रेंचमध्ये बोलल्या, मग माझ्यासाठी आणि इतरांसाठी तेच इंग्रजीत.

‘‘एकीचा तर तो खरोखरच बाप होता. तिच्या आईचं नाव भागीरथी. मी तिच्या वंशातली.’’

काही लोक आधी हसले, विनोद समजून. मग त्यांनी तसबिरीकडे पाहिलं, कांताताईंकडे पाहिलं, आणि हसू मावळलं. रोझलिनला काय करावं कळेना. थोड्या वेळात मॅनेजर आला आणि अदबीने आम्हाला आत घेऊन गेला. तोही त्याच घराण्यातला, दूरचा. कॉफी मागवली. असं त्या काळात सगळीकडेच व्हायचं, तो म्हणाला, आणि मग विचारलं की मादामना नेमकं काय हवं आहे. त्याला वाटलं असावं की जमिनीत वाटा मागायला आली आहे. कांताताई म्हणाल्या की मला काही नको, रोज त्या व्हरांड्यात भागीरथीचं नाव घ्या, बस. तो म्हणाला, विचार करू. जेवून जा, आमच्यातर्फे. कांताताईंनी कॉफीही प्यायली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा तिकीट काढून आत. पुन्हा व्हरांडा, पुन्हा हात वर, पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्या दिवशीही. भावाचा फोन आला, तो ओरडत होता. मॅनेजरने हात जोडले. मलाही वाटलं की आता पुरे, ताई, त्यांनी ऐकलं. पण त्यांचं एकच, ऐकलं आहे, म्हटलेलं नाही. आमच्या परतीच्या आदल्या दिवशी आम्ही व्हरांड्यात पोचलो. रोझलिन तसबिरीसमोर उभी राहिली, नेहमीची माहिती सांगितली, आणि मग एक क्षण थांबली... तिने कांताताईंकडे पाहिलं. आणि म्हणाली की या घरात भागीरथी नावाची एक स्त्री काम करत होती, तिला या मालकापासून मुलगी झाली, आणि ती मुलीला घेऊन या समोरच्या दारातून चालत बाहेर पडली. कांताताईंनी हात वर केला नव्हता. त्या फक्त मान हलवून पायऱ्या उतरल्या आणि त्याच दारातून, त्याच रस्त्याने चालत निघाल्या. मी मागून. उसाची पाती वाऱ्यावर सळसळत होती.

रोझलिनला हे सांगायची परवानगी होती की नव्हती, मला माहीत नाही. पुढे ती सांगत राहिली का, हेही माहीत नाही. त्या दिवशी सांगितलं, हे मी ऐकलं.

त्याच संध्याकाळी आम्ही एतियेनच्या थडग्यावर गेलो. काळा दगड, त्यावर क्रूस. मला वाटलं त्या फ्रेंचमध्ये बोलतील. नाही. ‘‘तुमच्या भाषेवर मी जन्मभर पोट भरलं,’’ त्या मराठीत म्हणाल्या, ‘‘पण तुमच्याशी बोलायचं ते भागीरथीच्याच भाषेत. मैनाचं लग्न झालं. पोरंबाळं झाली. आम्ही सगळे बरे आहोत.’’ आणि मग, जरा थांबून, ‘‘तुमची गरज पडली न्हाय.’’ फुलं वगैरे काही आणली नव्हती. पण निघताना त्यांनी दगडावरची वाळकी पानं हाताने झाडली.

इथे परतल्यावर त्यांनी ही गोष्ट लपवली नाही. मंडळाच्या महिला दिनाच्या कार्यक्रमात पाच मिनिटं बोला म्हटलं तर याच विषयावर बोलल्या. नंतर एका बाईंनी समजुतीच्या सुरात सांगितलं की लहान मुलं होती हो समोर. कांताताई म्हणाल्या, बरं झालं होती. त्यानंतर काही घरांतून हळदीकुंकवाची बोलावणी यायची थांबली. त्यांनी दाखवलं नाही, पण त्यांना लागलं होतं. एकदा चहा ओतता ओतता म्हणाल्या की आळीतल्या बायकांना डोळे दाखवले तेव्हा मी सगळ्यांची होते, डोळ्यांची गोष्ट सांगितली तर कुणाचीच नाही.

आजार कळला तेव्हा फार उशीर झाला होता. सलमानियाला मी रोज बँकेतून परस्पर जायची. शेवटी कोण कुठे नेणार यावर फोन सुरू झाले. अण्णांना वाटत होतं रत्नागिरीला न्यावं, भावाला वाटत होतं मॉरिशसला. कांताताईंनी निशाला आणि मला समोर बसवून सांगितलं, ‘‘इथंच. जिथं मला कुणी आणलं नाही, मी आले, तिथं.’’ खरं तर सुधाकररावांबरोबर आल्या होत्या. निशाने तसंच केलं. इथल्या हिंदू स्मशानभूमीत, सकाळी, मोजक्या माणसांत. शाळेतल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण आले होते, कुणी ऑफिसच्या कपड्यांत, कुणी शिफ्ट सोडून.

गेल्या आठवड्यात निशा परत गेली. जाण्याआधी आम्ही दोघींनी त्यांचा फ्लॅट रिकामा केला. दारावर पितळी पाटी आहे. मॉरिशसहून आल्यावर त्यांनी जुनी काढून ही करवून घेतली होती. तिच्यावर सुधाकररावांचं आडनाव नाही, माहेरचंही नाही. देवनागरीत दोनच शब्द: कांता भागीरथी. खाली तेच अरबीत, फक्त मध्ये ‘बिन्त’, म्हणजे मुलगी. आमचे घरमालक अबू यूसुफ म्हातारे गृहस्थ आहेत, पूर्वी मोती विकणाऱ्या घराण्यातले. किल्ल्या द्यायला आम्ही गेलो तेव्हा ते पाटीसमोर उभे होते. मोडक्या हिंदीत म्हणाले की ही लावली तेव्हा मी मादामना सांगितलं होतं, बिन्तच्या पुढे बापाचं नाव येतं, आईचं नाही, आणि ही तर आईही नाही, आजीची आजी. मग काय म्हणाल्या त्या, मी विचारलं. अबू यूसुफ हसले. ‘‘बोली, मेरे में ऐसाच है.’’

काल ऑफिसमधून आले तर रंगारी कामाला लागला होता. पुढच्या महिन्यात नवे भाडेकरू येणार आहेत. रंगाऱ्याने पाटीचा स्क्रू काढायला घेतला तसे अबू यूसुफ जिन्यातूनच हाताने नको-नको करत म्हणाले, ‘‘मफी, मफी, रहने दो.’’ नवे लोक आले की बघू, इंशाल्ला, असंही पुटपुटले. मी समोरच्या माझ्या दाराशी किल्ली शोधत उभी होते. रंगाऱ्याने खांदे उडवले, ब्रश बुडवला आणि सबंध दार रंगवलं, पाटीच्या भोवतीने.